दुमडलेली कालरेषा

एकदा एका गडाखालच्या गावात, तिथल्या माध्यमिक शाळेच्या इतिहास विभागात, एक तरुण शिक्षक रुजू झाला. विभाग हा शब्द ऐकून कुणी मोठ्या दालनाची कल्पना करू नये. दोन शिक्षक, नकाशांचे एक कपाट, एका बाजूने चेपलेला पृथ्वीगोल आणि भिंतभर लांबीचा कालरेषेचा तक्ता, एवढाच तो विभाग. त्यातल्या वृद्ध शिक्षकांना सारी शाळा 'मोठे सर' म्हणे, म्हणून तरुणाचे नाव आपोआप 'नवे सर' पडले. नवे सर याच शाळेत मोठ्या सरांच्या हाताखाली शिकलेले. त्यामुळे मुलांच्या देखत मोठे सर त्यांना 'अहो सर' म्हणत, आणि मुले पांगली की 'अरे'वर येत.

गडाचे नाव मी सांगत नाही. सांगितले तर कोणाची बाजू घ्यायची हे आपण लगेच ठरवून मोकळे व्हाल, आणि मग पुढची गोष्ट ऐकायचे कारणच उरणार नाही.

नव्या सरांना एक देणगी होती. ते इतिहास सांगू लागले की वर्गात घोडे उधळत, तोफा धडाडत आणि मधल्या सुट्टीची घंटा झालेली कुणाला कळत नसे. मोठे सर कित्येकदा व्हरांड्यात उभे राहून ऐकत आणि मनातल्या मनात हरखत. आपण लावलेल्या झाडाला आपल्या अंगणातल्यापेक्षा गोड आंबा लागला, तर माळ्याला त्याचा राग का यावा?

एके दिवशी नववीच्या वर्गात नव्या सरांनी गावच्याच गडाच्या वेढ्याची कथा सांगितली. पुस्तकात ती नव्हती. मुलांना आपल्या मातीचा इतिहास कळावा म्हणून त्यांनी हौसेने जमवली होती. उन्हाळ्यातला वेढा, आटत चाललेले पाण्याचे टाके, कुमकेची वाट पाहणारी माणसे, आणि मग किल्लेदाराने आतून दरवाजा उघडला. दोनच दिवसांनी कुमक खिंडीत येऊन पोचली; गडावर तोवर दुसऱ्याचे निशाण लागले होते. नव्या सरांनी आवाज खाली आणून शेवटचे वाक्य टाकले, "मुलांनो, गड शत्रूनं घेतला नाही. गड आपल्याच माणसानं दिला."

मागच्या बाकावरून सुयोगने विचारले, "सर, त्या किल्लेदाराचं नाव काय होतं?"

सरांनी नाव सांगितले. आडनावासकट सांगितले.

आणि साऱ्या वर्गाच्या माना खिडकीजवळच्या बाकाकडे वळल्या. तिथे केतकी बसली होती, वर्गाची मॉनिटर. तिचे आडनाव तेच होते. सरांना त्या वळलेल्या माना दिसल्या. पण मुले रंगून गेली आहेत असे त्यांना वाटले, आणि खडू खाली ठेवून ते प्रसन्न मनाने बाहेर पडले.

पुढे काय झाले ते सांगायला इतिहासाचा अभ्यास लागत नाही, मुले पाहिलेली असली म्हणजे पुरते. वर्गाच्या कुलपाची किल्ली मॉनिटर या नात्याने केतकीकडे असे. दुसऱ्या दिवशी सकाळी ती कुलूप काढायला लागली तेव्हा कुणीतरी ओरडले, "अरे, हिच्याकडे किल्ली? गेला गड!" सगळे हसले. तीही हसली. तिसऱ्या दिवशी तेच, आणि त्या दिवशी तिला हसू आले नाही. मग सुयोगने पुढे होऊन तिच्या हातातून किल्ली काढून घेतली आणि म्हणाला, "राहू दे. आम्ही बघतो." तो वाईट मुलगा नव्हता. टाळ्या मिळाल्या की त्याचा तोल जाई, इतकेच. त्यानंतर केतकी शाळेत आली नाही.

आले ते तिचे वडील, रंगराव. त्यांची पिठाची गिरणी होती. भुवयांवर पीठ तसेच घेऊन ते विभागाच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "सर, पोरीचा दाखला पायजे. तिच्या मावशीकडं घालतो, पल्याडच्या तालुक्यात. तिथं आमचं आडनाव कुणाला ठावं न्हाई."

काय झाले ते नव्या सरांना त्याच क्षणी कळले.

मोठ्या सरांनी खुर्ची पुढे केली. "बसा रंगराव. केतकी काय म्हणते?"

"ती काय म्हणणार? घुम्यागत बसलीया." रंगराव बसले नाहीत. "सर, तुमास्नी ठावं असंल, नसंल. दसऱ्याला समदं गाव सोनं घिऊन गडावर जातं. आमच्या घरचं कुणी वर चढत न्हाई. पायथ्याच्या पायरीवर सोनं ठिवायचं आन् माघारी फिरायचं. माझा बा तसंच करायचा, म्या बी तसंच करतो. कुणी सांगितलं न्हाई आमाला, पर पाय उचलतच न्हाई. मला वाटायचं, ही पोरगी शिकली की ती चढंल." एवढे बोलून त्यांनी डोळे पुसले आणि पीठ गालभर झाले.

मोठे सर म्हणाले, "शनिवारी सकाळी या. दाखला तयार ठेवतो. पण तो न्यायला केतकीला बरोबर आणा. तिची सही लागते."

रंगराव गेल्यावर नवे सर म्हणाले, "सर, दाखल्यावर मुलीची सही कुठे लागते?"

"नाही लागत," मोठे सर म्हणाले.

"मी आत्ता वर्गात जातो. त्या सुयोगला सगळ्यांसमोर माफी मागायला लावतो. नाहीतर असं करू या का? किल्लेदार मनातून चांगला होता, लोकांचे प्राण वाचवण्यासाठीच त्यानं दरवाजा उघडला, असं सांगतो मुलांना."

"कशावरून?"

"म्हणजे?"

"तो चांगला होता हे तुला कशावरून कळलं? परवापर्यंत तो फितूर होता. कागद तेच, गड तोच. आज एक मुलगी रडली म्हणून तो संत झाला?" मोठ्या सरांनी चष्मा पुसला. "अरे, एका खोट्यावर दुसरं खोटं चढवलं तर भिंत उंच होईल, सरळ कशी होईल? नववीचा तास आठवडाभर मला दे. तू मागच्या बाकावर बस."

आणि मग त्यांनी एक विचित्र गोष्ट केली. स्टुलावर चढून भिंतीवरचा कालरेषेचा तक्ता उतरवला. वर्षानुवर्षांच्या विद्यार्थ्यांनी रंगवलेला, शाळेचे भूषण असलेला तो तक्ता त्यांनी नववीच्या वर्गात नेला, टेबलावर पसरला, वेढ्याच्या सालावर बोट ठेवले आणि तिथेच तो दुमडला. उजवीकडचा सारा भाग गुंडाळून त्यांनी त्याला सुतळीने करकचून गाठ मारली. राहिलेला अर्धा तक्ता फळ्याशेजारी टांगून ते मुलांना म्हणाले, "या सालापुढं काय झालं ते आजपासून आपल्याला माहीत नाही. ज्याला माहीत असेल त्यानं विसरावं. न विसरता आलं तर निदान तोंड मिटावं."

मागच्या बाकावर नव्या सरांनी कपाळाला हात लावला. घटक चाचणी तोंडावर आली होती, एका मुलीचे शिक्षण सुटण्याच्या बेतात होते, आणि म्हातारा तक्ते गुंडाळीत बसला होता. निवृत्ती जवळ आली की माणूस असा होतो की काय, अशी शंकाही त्यांच्या मनाला चाटून गेली. गुरूवर कितीही श्रद्धा असली तरी शिष्याच्या मनात असे काही येतेच. ते लपवण्यात अर्थ नाही.

मोठ्या सरांनी वर्गाचा गड केला. कुणी गोलंदाज झाले, कुणी सुतार, कुणी तान्ह्या मुलाची आई. किल्लेदार कोण, असे विचारताच सुयोगने हात वर केला आणि उभा राहून गर्जना केली, "मी मरेन, पण दरवाजा उघडणार नाही!" टाळ्या पडल्या.

"शाबास," मोठे सर म्हणाले. "आता खाली बस आणि कामाला लाग. टाक्याचं पाणी तळाला गेलंय. कुणाला किती द्यायचं?"

सुयोगने थाटात सांगितले, "आधी गोलंदाजांना."

"आणि माझ्या बाळाला?" आई झालेल्या मुलीने विचारले.

"उरलं तर."

मुली खवळल्या. मोठे सर मध्ये पडले नाहीत. गडावर त्या दिवसापर्यंत जे कळले असेल तेवढेच ते रोज फळ्यावर लिहीत, त्यापुढचे एक अक्षर नाही. कुमकेचा निरोप आला, 'येतो आहोत, धीर धरा.' निरोप घेऊन उलट गेलेला माणूस परतला नाही. खालून शत्रूने शब्द पाठवला, 'दरवाजा उघडा, कुणाच्या केसाला धक्का लागणार नाही.' शब्द खरा की खोटा? फळ्यावर मोठ्या सरांनी लिहिले, 'माहीत नाही.' मुलांनी कधी नव्हे ते ग्रंथालयातून पुस्तके आणली, टाक्यात पाणी किती मावते याची गणिताच्या सरांकडे चौकशी केली, आणि डबा खाताना एकमेकांशी भांडली. वर्गातली निम्मी मुले सुयोगला दगडाच्या काळजाचा म्हणू लागली, उरलेली त्याला भित्रा म्हणू लागली. शुक्रवारी तो घरी गेला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. गर्जना करणे सोपे होते, पाणी वाटणे सोपे नव्हते.

शनिवारी सकाळी रंगराव आणि केतकी आले. केतकीने मान वर केली नाही. मोठे सर म्हणाले, "सहीला जरा वेळ आहे. तोवर वर्गात बसा." आठवड्यात पहिल्यांदाच वर्ग एकदम चिडीचूप झाला. रंगरावांनी मुलांच्या बाकात आपले गुडघे कसेबसे कोंबले. केतकी त्यांच्या शेजारी बसली. अर्धा गुंडाळलेला तक्ता आणि त्यावरची सुतळी तिने पाहिली, आणि ती बुचकळ्यात पडली.

"किल्लेदार," मोठे सर म्हणाले, "आज शेवटची संध्याकाळ. पाणी संपलं. दरवाजा उघडायचा की नाही?"

सुयोग उभा राहिला. त्याने टाळ्यांसाठी इकडेतिकडे पाहिले नाही. "सर," तो म्हणाला, "फक्त एक सांगा. उद्या कुमक येणार आहे का?"

"ते मला माहीत आहे," मोठे सर हळूच म्हणाले. "तुलाही माहीत आहे. त्याला माहीत नव्हतं."

सुयोग बराच वेळ फळ्याकडे बघत राहिला. त्याचे डोळे भरून आले. "मग उघडतो," तो म्हणाला. "मी उघडतो, सर. ते बाळ मला दिसतंय."

वर्गात गलका उसळला. कुणी बरोबर म्हणे, कुणी चूक म्हणे. त्या गलक्यात पाठीमागून एक आवाज आला, "मी नसता उघडला!"

सगळ्यांनी वळून पाहिले. केतकी उभी होती. कधी उभी राहिली हे तिलाही कळले नसावे.

रंगरावांचा आ वासला. "अगं, तू असं म्हंतीस व्हय?"

"मी एक रात्र थांबले असते, अण्णा. निरोप आला होता ना, धीर धरा म्हणून?"

"आणि पाणी?" सुयोगने विचारले. तिच्याशी त्याचे ते आठवड्यानंतरचे पहिले बोलणे होते. "पाणी कुठून आणलं असतंस?"

"ते… माहीत नाही," केतकी म्हणाली.

"मलाही नाही," सुयोग म्हणाला.

आधी आई झालेली मुलगी हसली, मग हळूहळू सगळा वर्ग हसला, आणि शेवटी बाकात अडकलेले रंगराव असे खदखदून हसले की बाक हलला. किल्लेदाराच्या घरची लेक दरवाजा लावून घेत होती, आणि तिला हिणवणारा पोरगा तो सताड उघडत होता. आडनावाचा त्याच्याशी काय संबंध होता, हे कुणी कुणाला समजावून सांगायची गरज उरली नाही.

घंटा झाली. "सर, सुतळी सोडा ना," मुले ओरडली.

"आज नाही. कुमक खिंडीत आल्यावर काय झालं आणि किल्लेदाराचं पुढं काय झालं, ते सोमवारी. त्यातलं कागदात किती आहे आणि लोकांच्या तोंडात किती, तेही शोधायचंय. आणि तुमचं दोघांचं भांडण अर्धं राहिलंय."

मुले निघाली. सुयोग दाराशी घुटमळला. खिशातून वर्गाची किल्ली काढून त्याने केतकीपुढे धरली. "सोमवारी वर्ग तू उघड," तो म्हणाला, आणि कानापर्यंत लाल होऊन पुढे म्हणाला, "मी चुकलो." केतकीने किल्ली घेतली. मान वर करून घेतली.

रंगरावांनी विचारले, "मग सर, सही कुठं करायची?"

"अण्णा," केतकी म्हणाली, "सोमवारी बघू या ना. मला याला उत्तर द्यायचंय."

बाप-लेक निघून गेली. वर्गात दोघेच शिक्षक उरले. नवे सर म्हणाले, "सर, तुम्ही तक्ता दुमडलात तेव्हा मला वाटलं, तुमचं…"

"डोकं फिरलं, असंच ना? मला दिसत होतं. कपाळाला हात लावलास तेव्हा चांगला आवाज झाला." मोठे सर हसले आणि बाकावर टेकले. मग शांतपणे म्हणाले, "अरे, आपल्या धंद्यातली सगळ्यात मोठी सोय कोणती? उद्या काय झालं, ते आपल्याला आज माहीत असतं. ती सोय इतकी अंगवळणी पडते की ती आपली अक्कलच आहे असं वाटायला लागतं. मग आपण निकाल आधी सांगतो आणि माणसं मागाहून आणतो. बैल गेल्यावर झोपा करणाऱ्याला आपल्याकडं हसतात. पण बैल जाणार हे ज्याला ठाऊक नव्हतं त्याला बैल गेल्यावर हसणारे, ते आपण. तो किल्लेदार कसा होता, मला माहीत नाही. कदाचित लोभी असेल, कदाचित थकला असेल. कागद गप्प आहेत, तेव्हा मीही गप्प. पण त्या संध्याकाळी तो ज्या अंधारात उभा होता, त्या अंधारात मुलांना एकदा तरी उभं करायला हवं. मग त्यांनी त्याला दोष द्यावा, खुशाल द्यावा. तिथं उभं राहून दिलेला दोष दुसऱ्या माणसाच्या लेकीपर्यंत जात नाही."

नवे सर खाली मान घालून म्हणाले, "मी त्या दिवशी आडनाव उच्चारलं, सर. समोर ती बसली होती. मला कळायला हवं होतं. एका पोरीची शाळा सुटत होती माझ्यामुळं."

"कसं कळणार?" मोठ्या सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तुलाही त्या तासाला उद्याचा दिवस माहीत नव्हता. तुझा तक्ताही तिथंच दुमडलेला होता, बाळा." तरुणाने वर पाहिले. विद्यार्थी असताना शेवटचे कधी त्यांनी 'बाळा' म्हटले होते, ते त्याला आठवेना. "पण आता माहीत झालाय," म्हाताऱ्याने त्याच्या खांद्यावर चापट मारली. "आता पुन्हा केलंस तर मात्र मी सोडणार नाही."

दोघांनी मिळून तक्ता विभागात नेऊन ठेवला. कपाट बंद करताना नव्या सरांनी विचारले, "सर, येत्या दसऱ्याला रंगराव गडावर चढतील? केतकी चढेल?"

मोठ्या सरांनी कपाटातले सुतळीचे उरलेले रीळ काढून नव्या सरांच्या हातात दिले आणि चपला घालून ते घरी निघाले.

वाचकहो, आपणही हाच प्रश्न विचाराल. उत्तर मला ठाऊक आहे. पण ही गोष्ट त्या शनिवारची आहे, आणि त्या शनिवारी दसरा अजून यायचा होता.